मधला पंप

येरेवानहून कापानकडे निघालेली, गॅसवर चालणारी गाडी वायकच्या पंपावर थांबतेच. थांबली नाही तर पुढच्या घाटात ड्रायव्हरची फजिती ठरलेली, आणि बर्फाच्या दिवसांत त्या घाटात शिव्या ऐकायलाही माणूस सापडत नाही. पंपावर गाडी लागली की सगळ्यांनी उतरायचं. आजारी असो, पोटुशी असो, लग्नाची नवरी असो, टाकीला नळी जोडायच्या आत माणूस गाडीबाहेर हवा. भिंतीपलीकडे एक खोली आहे. तिथे बाकावर बसायचं आणि खोली सांभाळणाऱ्या बाईच्या, झेन्याच्या हातची कॉफी प्यायची.

हायकुशच्या दोन्ही मुलांनी आईची अदलाबदल करायला हीच जागा निवडली, त्यात डोकं थोरल्याचं, मान्वेलचं. तो येरेवानला राहायचा आणि धाकटा स्लाविक कापानला. मान्वेल पहिल्यापासून हिशेबी. त्याने भावाला समजावलं की कुणीही दुसऱ्याच्या घरापर्यंत गेलं तर जाताना एकदा आणि येताना एकदा टाकी भरावी लागणार. त्यापेक्षा दोघांनी वायकला यायचं. तिथे आपापली टाकी भरायची, आई नाहीतरी तिथे उतरणारच, तिने फक्त चढताना दुसऱ्या गाडीत चढायचं. स्लाविकला हे इतकं पटलं की तो हसला. आईला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तिला पटण्याचा प्रश्न कुठे होता?

हायकुश कापानला खाणकामगारांच्या बालवाडीत स्वयंपाकीण होती. अर्ध्या गावाला तिने लहानपणी खिमट भरवलेलं. नवरा गेल्यावर दोन खोल्यांचं घर आणि दारचं अक्रोडाचं झाड तेवढं उरलं. मुलांनी तिला सांगितलं की एकटीने कशाला राहतेस, आम्ही दोघं आहोत ना. ती हुरळून गेली. घर विकलं गेलं. थोरल्याचा फ्लॅट झाला, धाकट्याची ओपेल गाडी आली, आणि दोघांच्या गाड्यांना गॅसच्या टाक्या बसल्या त्याही त्याच घराच्या पैशातून. टाकी डिकीत बसते. त्यामुळे हायकुशचं गाठोडं डिकीत मावायचं नाही, ते तिच्या मांडीवर असायचं.

वसंतात, ईस्टर झाला की मान्वेल तिला आणून सोडायचा आणि स्लाविक घेऊन जायचा. शरदात स्लाविक आणायचा, मान्वेल न्यायचा. पहिली काही वर्षं दोघांना ती हवीच होती. कापानला उन्हाळाभर ती हिरव्या अक्रोडांचा मुरंबा घालायची, मिरच्या-कोबीची लोणची भरायची, आणि तळघरातल्या बरण्यांच्या रांगा पाहून स्लाविकची बायको शेजारणींना बोलावून दाखवायची. येरेवानला ती हिवाळाभर नातवाला शाळेत सोडायची, आणायची, जेवू घालायची. मान्वेलच्या बायकोची कुरकुर होती ती एवढीच, की मुरंब्याच्या दिवसांत म्हातारी तिकडे आणि खोकल्याच्या दिवसांत आमच्याकडे.

मग हायकुशचे हात थरथरायला लागले. चमच्यातला पाक चुलीवर सांडायला लागला. गुडघे तर आधीपासूनच गेलेले. येरेवानचा नातू मोठा झाला, त्याला आता शाळेत सोडणारी आजी म्हणजे लाज. त्या उन्हाळ्यात कापानच्या तळघरात एकही बरणी भरली गेली नाही. तिचा फोन स्लाविकच्या मुलीला दिला, कारण तुला कोण फोन करतंय असं सुनेने विचारलं आणि हायकुशला नाव सुचेना.

शरदात स्लाविक तिला घेऊन वायकला आला तेव्हा मान्वेलची गाडी आधीच नळीला लागलेली होती. हायकुश गाठोडं घेऊन बाकावर बसली. झेन्याने तिला न विचारता कॉफी दिली, तीही अर्धाच कप, सांडू नये म्हणून. काचेतून दोघं भाऊ दिसत होते. आधी हात हातात, मग हात हवेत, मग एकमेकांच्या छातीकडे बोटं. आवाज आत यायला वेळ लागला नाही. मान्वेल सांगत होता की बायकोचं ऑपरेशन आहे, नव्या वर्षापर्यंत आईला तूच ठेव. स्लाविक सांगत होता की तिची खोली त्याने भाड्याने दिली आहे, आणि भाऊ थोरला आहे की नुसता वयाने मोठा आहे.

"माझी पाळी संपली," स्लाविक म्हणाला. "मी माझी आणून सोडली."

"सोडलीस ना? मग सोड. मी उचलली तर ना."

"उचलू नकोस. बघू कोण नेतो ते."

हे आईबद्दल चाललंय की वाटेत पडलेल्या पोत्याबद्दल, हे बाकावर बसलेल्या ट्रकवाल्यांना कळेना. हायकुशला कळलं. बाहेर मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, टाक्या भरल्या की जागा रिकामी करावी लागते. मान्वेलने धाडकन दार लावलं आणि तो येरेवानकडे गेला. स्लाविकने त्याची गाडी वळणापार होईपर्यंत पाहिलं, मग थुंकून तोही घाटाकडे वळला. थोरला हार मानून मागे फिरेल, असा त्याचा हिशेब. धाकटा लवकर विरघळतो, असा थोरल्याचा. दोघांच्याही टाक्या नुकत्या भरलेल्या, आणि दोघांनाही माहीत की परत वायकला आलो तर घरी पोचायला पुन्हा भरावी लागेल.

झेन्याचा नंबर त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरकडे असतो. निघण्याआधी फोन करून विचारतात, आज प्रेशर कसं आहे, रांग किती आहे. पहिला फोन मान्वेलचा आला. भावाने आईला नेलं का? झेन्याने फोनवर हात ठेवला आणि हायकुशकडे पाहिलं.

"सांग, स्लाविकने नेली," हायकुश म्हणाली.

"मावशी, खोटं का बोलू? चांगला झापते की त्याला."

"सांग गं. संध्याकाळी भावाला फोन करेल, आई पोचली का म्हणून. तेव्हा कळेल त्याला."

झेन्याने सांगितलं. पलीकडून सुटल्यासारखा श्वास आला, आणि मान्वेलने विचारलं की येरेवानच्या वाटेवर अरेनीच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू आहे का. थोड्या वेळाने स्लाविकचा फोन आला. हायकुशने पुन्हा मान हलवली. मान्वेलने नेली, झेन्या म्हणाली. नेणारच, स्लाविक म्हणाला, मला माहीत होतं.

हायकुशची चूक झाली ती इथे. तिने आपल्या मुलांना जन्म दिला होता, भरवलं होतं, पण ओळखलं नव्हतं. तिला वाटलं, एका प्रश्नाचा तर प्रश्न आहे. आई पोचली का? दोघांपैकी एकाने दुसऱ्याला हे विचारलं की संपलं. मग दोघं धावत येतील, लाजतील, आणि ती थोडं रागावून त्यांतल्या एकाच्या गाडीत बसेल. कुठल्या, हेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं. धाकट्याच्या. ती संध्याकाळी बाकावरून उठलीच नाही. झेन्याने शेवटी तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, तिथे झेन्या स्वतः झोपायची, आणि तिथे एक जास्तीची खाट टाकली.

दुसऱ्या दिवशीही कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी हायकुशने बटाटे सोलायला घेतले, कारण फुकट बसून खायची तिला सवय नव्हती. दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, आणि आपल्या घरात आई नाही यात दोघांनाही काही खटकत नव्हतं. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटत होतं. झेन्या रोज म्हणायची की आज मी फोन करणार, आणि हायकुश रोज म्हणायची की उद्यापर्यंत थांब. आईला मुलांची परीक्षा घ्यायची हौस होती असं कुणी म्हणेल. मला वाटतं, तिला निकाल कळला होता, नुसता ऐकायचा नव्हता.

बर्फ पडला. घाट बंद व्हायचा, उघडायचा, बंद व्हायचा. प्रवासी उतरायचे, हायकुश लवाशच्या पातळ पोळीत चीज आणि पाला गुंडाळून त्यांच्या हातात द्यायची, तेवढं कापऱ्या हातांना जमत होतं. ट्रकवाले तिला आई म्हणायला लागले. परक्यांना म्हणायला काय जातं.

नव्या वर्षाच्या खरेदीसाठी स्लाविक येरेवानला निघाला तेव्हा त्याने गाडीत भाड्याचे तीन प्रवासी घेतले होते. वायकला तिघं उतरले, खोलीत आले. गाडी नळीला लावून मागोमाग स्लाविक आला, हात चोळत, कॉफी मागत. कॉफी हायकुशने आणली.

तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला, मग हाताकडे, मग वर.

"तू इथे काय करतेस?"

"तुझं दुखणं मला येवो रे, किती वाळलास," हायकुश म्हणाली. "बस. पोळी देते गरम."

"मान्वेलने तुला इथे टाकलं?"

"मान्वेल परत आला कुठे?"

स्लाविकने तिथेच फोन काढला. शरदानंतर भावाला केलेला हा पहिला फोन. तो ओरडला की तू आईला रस्त्यावर टाकलंस. पलीकडून तेच आलं, की तू टाकलंस. कुणी टाकली यावर दोघं इतकं भांडले की जिला टाकली ती ताटली घेऊन समोर उभी आहे हे स्लाविकच्या लक्षातच राहिलं नाही. प्रवासी खाली मान घालून खात होते. झेन्या मध्ये पडणार होती, पण हायकुशने तिचा पदर ओढावा तसा तिचा एप्रन मागून ओढला. बाहेर भोंगे सुरू झाले. टाकी भरली होती.

"हे बघ आई," स्लाविक फोन खिशात घालत म्हणाला, "आत्ता गाडी भरलेली आहे. परवा येताना तुला घेतो. तयार राहा."

"खोली?"

"बघू ना खोलीचं. तू तयार राहा."

हायकुश तयार राहिली. परवा उजाडायच्या आत तिने गाठोडं बांधलं, झेन्याच्या मुलीसाठी विणत असलेला हातमोजा घाईघाईने पुरा केला, एक बोट थोडं आखूडच झालं. मग ती बाकावर बसली, कोट घालून, काचेकडे तोंड करून. झेन्याने कॉफी दिली ती थंड झाली. गाड्या आल्या, माणसं उतरली, चढली. दुपार कलली तेव्हा कापानचा एक ट्रकवाला आत आला, स्लाविकच्याच गल्लीतला. हातपाय शेकता शेकता तो हसत सांगायला लागला की स्लाविकचं डोकं फिरलंय बहुतेक, अरेनीच्या पंपावर रांगेत उभा होता. तिथलं प्रेशर कसलं, निम्मी टाकीसुद्धा भरत नाही, आणि हा शहाणा तिथे भरून मघाशी इथल्या दारावरून सरळ पुढे गेला. मी भोंगा दिला तर मान वळवली नाही.

झेन्याने त्याला डोळ्याने गप्प करायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. ट्रकवाल्याने बाकावरचं गाठोडं पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

हायकुशने मनात हिशेब केला. एवढी वर्षं या रस्त्यावर इकडून तिकडे वाहिली गेलेली बाई, कुठून किती गॅस लागतो ते तिला पाठ होतं.

"झेन्या," ती म्हणाली, "त्याला फोन कर."

"करते की. आता बघच काय बोलते."

"बोलू नकोस काही. फक्त सांग, अरेनीच्या गॅसवर घाट चढायचा नाही. वर बर्फ आहे. पेट्रोल तो ठेवतच नाही टाकीत. म्हणावं मागे फिर, भर इथे, आणि जा. मी आतल्या खोलीत बसते."

झेन्याने फोन लावला. पलीकडे वाजला, मग कापला गेला. पुन्हा लावला तेव्हा बंद होता. हायकुश तरी उठली, गाठोडं उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसली, तो आलाच तर तिला बघून पुन्हा निघून जाऊ नये म्हणून.

तो कसाबसा पोचला, घाटापलीकडे गोरिसपर्यंत गाडी रेटत. त्यानंतर दोघं भाऊ आठवणीने अरेनीला भरतात.