पाच वाजताचं ‘पोचले’

हीथ्रोचा कोच सकाळी सहाला सुटणार होता आणि आम्ही लेस्टरच्या बस स्टेशनवर पाचलाच जाऊन बसलो होतो. आईला सातची शिफ्ट होती, म्हणून तिने कोटाखाली हॉस्पिटलच्या किचनचा निळा युनिफॉर्म घालूनच ठेवला होता. बाबा माझी बॅग सोडत नव्हते. ड्रायव्हरने दोनदा हात पुढे केला तेव्हा कुठे त्यांनी ती दिली, आणि मग हळूच मला विचारलं, “सायली, खरं सांग हं. नापास-बिपास झालीस म्हणून नाही ना पाठवत तुला?”

“नाही हो बाबा. स्पॅनिश घेतलेल्या सगळ्यांनाच तिसऱ्या वर्षी बाहेर पाठवतात.”

“सगळ्यांना स्पेनला पाठवतात. तुला एकटीला उरुग्वेला.”

हे ते तिसऱ्यांदा विचारत होते. त्यांचाही दोष नव्हता. बाबा रेस्टॉरंटमध्ये कुक आहेत. आमच्या घरातून युनिव्हर्सिटीत गेलेली मीच पहिली, आणि शिकवायचं सोडून युनिव्हर्सिटी मुलीला समुद्रापलीकडे का धाडते, हे मी त्यांना मार्चपासून समजावत होते. उरुग्वेची चूक मात्र माझीच होती. फॉर्मवर तिसऱ्या पसंतीची चौकट रिकामी कशी ठेवायची म्हणून मी तिथे माँटेव्हिडिओ लिहिलं होतं. तेच मिळालं. नाही म्हणता येतं हे मला माहीत नव्हतं. युनिव्हर्सिटीला प्रश्न विचारता येतात, हेच मला फार उशिरा कळलं.

आईने माझ्या पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी आणि घडी घातलेला एक कागद ठेवला. मी जिच्याकडे राहणार होते त्या घरमालकिणीचा नंबर त्यावर आईने स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला होता. “फोनचा काय भरवसा,” ती म्हणाली. आणि मग नेहमीचं, “पोचलीस की पोचले म्हणून टाक. तेवढंच टाक. बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.”

हे आमच्या घरचं आहे, म्हणून सांगते. आम्ही इचलकरंजीहून लेस्टरला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्या पहिल्या हिवाळ्यात बाबा कामावरून चालत येताना बर्फावर घसरले, मनगट मोडलं, आणि आम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून आई कामावर पोचली की लिहिते ‘पोचले’, बाबा लिहितात ‘पोचलो’, मी कॉलेजातून घरी आले की ‘पोचले’. आमच्या तिघांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं दुसरं काही नाही. वर सरकवत गेलं तर तोच एक शब्द, खाली खाली खाली. शाळेतल्या मुली हसायच्या, मलाही लाज वाटायची. पण कधी चुकवलं नाही.

आता भीतीबद्दल लिहायला हवं, कारण ती जाईल असं सगळे सांगत होते आणि ती जात नव्हती.

मी युनिव्हर्सिटीतसुद्धा घरून जाऊन-येऊन शिकले. निघेपर्यंत एक रात्रही मी एकटीने घराबाहेर काढली नव्हती. माँटेव्हिडिओला मी ऑगस्टमध्ये उतरले तर तिथे कडाक्याची थंडी, आणि नदी एवढी रुंद की पलीकडचा काठ दिसत नाही, पाणी चहासारखं तपकिरी. मी शिकलेलं स्पॅनिश तिथे कुणी बोलत नव्हतं. ओळखीचे शब्दही तिथल्या उच्चारात श, श करत कानावरून निघून जायचे. ब्रेडच्या दुकानाबाहेर उभी राहून मी एक वाक्य चार वेळा मनात घोळवायची आणि आत गेल्यावर बोटाने दाखवायची. रस्ता ओलांडताना नेहमी उलटीकडे बघायची. रस्त्यात फोन बाहेर काढू नकोस, असं पहिल्याच दिवशी सांगितल्यामुळे मागून येणारा प्रत्येक माणूस मला फोन चोरायलाच आलाय असं वाटायचं.

घरमालकीण ग्रासिएला अडुसष्ट वर्षांची. आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवलेली, आवाजाने मोठी. शेजाऱ्यांना माझी ओळख करून देताना ती म्हणायची, “ही आमची इंग्लिश मुलगी.” अकरा वर्षांत लेस्टरमध्ये मला कुणी इंग्लिश म्हटलं नव्हतं. तिथले सगळे लोक काखेत थर्मास घेऊन फिरतात आणि माते नावाचा कडू काढा पितात. एकच भांडं, एकच धातूची नळी, सगळ्यांनी आळीपाळीने तोंड लावायचं. ग्रासिएलाने पहिल्या दिवशी ते माझ्यापुढे धरलं. उष्टं पिऊ नये हे ज्या घरात बोलायला यायच्या आधी शिकवतात, त्या घरातली मी. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिने माझ्यासाठी भाताची पेज केली.

युनिव्हर्सिटीचा नियम असा होता की सहा आठवड्यांच्या आत कळवलं तर परत येऊन लेस्टरमध्येच वर्ष पूर्ण करता येतं. मी दुसऱ्याच आठवड्यात ट्यूटरला ईमेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता. परत जायचं की राहायचं, एवढाच प्रश्न होता. रोज झोपताना मी तो ईमेल उघडायची, एखादा स्वल्पविराम बदलायची आणि बंद करायची. परत गेले तर बाबांना वाटणार की शेवटी नापासच झाली. राहिले तर ही भीती अजून दहा महिने.

माझा शेवटचा क्लास संध्याकाळी सहाला सुटायचा आणि मी सातला खोलीवर यायची. लेस्टरमध्ये तेव्हा रात्रीचे अकरा. आईला पहाटे साडेचारला उठायचं असतं, पण माझा मेसेज आल्याशिवाय ती झोपायची नाही. मी ‘पोचले’ लिहिलं की त्याच क्षणी दोन निळ्या खुणा. एका रविवारी बाबा फोनवर म्हणाले, “तुझ्या आईची झोप होत नाही गं. काल हॉस्पिटलात एवढं मोठं पातेलंभर कस्टर्ड करपवलं तिने.” मागून आई ओरडली, “अहो, तिला कशाला सांगताय ते?”

दुसऱ्या दिवसापासून मी शेवटच्या क्लासला बसायच्या आधी, पाच वाजताच ‘पोचले’ लिहायला लागले. क्लास लवकर सुटायला लागलाय, असं सांगितलं. आई नऊला मेसेज वाचायची आणि झोपायची. मला वाटलं, किती सोपं होतं हे. तीन आठवडे तसं चाललं.

पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी मी नेहमीच्या नंबरच्या बसमध्ये चढले. त्या नंबरच्या बस दोन वेगळ्या ठिकाणी जातात आणि पुढच्या पाटीवरचं गाव वाचायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. काचेवर वाफ होती. ओळखीचा चौक आला नाही, तेव्हा वाटलं पुढे येईल. मग बंदराच्या क्रेन दिसल्या, त्या मागे पडल्या, दुकानं कमी झाली. मी नकाशा बघायला फोन काढला आणि तो हातातच बंद पडला. चार्ज संपला होता. बसमधली माणसं एकेक करून उतरत गेली. मला विचारता आलं असतं. वाक्य तयार होतं. पण तोंड उघडेना.

शेवटच्या थांब्यावर मी एकटीच उरले. बाहेर अंधार पडत होता, एक मोकळं मैदान, बंद पडलेलं गोदाम, दोन कुत्री. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत मला एकदम कळलं की आई झोपलीय. तिच्या हिशेबाने मी दोन तासांपूर्वीच घरी पोचलेय, जेवलेय. मी इथे आहे आणि जगात माझी वाट बघणारं कुणी नाही, आणि ही सोय मीच करून ठेवलीय. इतकी घाबरले होते की हात कोटाच्या खिशातून बाहेर निघेनात. चोराची, अंधाराची भीती निराळी असते. ही तशी नव्हती. कुणाला पत्ताच लागू न देता आपण हरवू शकतो, हे पहिल्यांदा कळलं त्याची होती.

ड्रायव्हर पन्नाशीचा, जाड मिशांचा. त्याने मागे वळून बघितलं, मग जागेवरूनच मोठ्याने, लहान मुलांशी बोलतात तसं सावकाश विचारलं, “चुकलीस का?”

मी मान हलवली.

“वीस मिनिटांनी हीच बस परत जाते. तू इथेच बसून राहा.” त्याने थर्मासमधून भांड्यात पाणी ओतलं, एक घोट घेतला, पुन्हा भरलं आणि माझ्यासमोर धरलं. त्याच नळीने, त्याच्याच तोंडची. मी प्यायले. भयंकर कडू होतं आणि गरम होतं. सगळं संपवलं.

“घरी कुणी वाट बघतंय का?” त्याने विचारलं.

मला ‘नाही’ म्हणवेना. मी पर्स उघडली आणि आईचा कागद त्याला दिला. त्याने तो सरळ धरला, उलटा धरला. “हे काय आहे? चित्रं?”

आईने नंबर मराठी आकड्यांत लिहिला होता. वर ‘ग्रासिएलाबाई’.

“माझ्या आईने लिहिलंय,” मी म्हटलं. “मी वाचते.” आणि मी एकेक आकडा मोठ्याने स्पॅनिशमध्ये सांगितला, तो स्वतःच्या फोनवर दाबत गेला. इतकं न अडखळता मी त्या देशात तोपर्यंत काही बोलले नव्हते.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. त्याने तो कानापासून लांब धरला, कारण पलीकडून येणारा आवाज मलाही ऐकू येत होता. “हो बाई. आहे. इथे आहे. नाही बाई, काही झालं नाही. घेऊन येतो.” फोन ठेवून तो म्हणाला, “आई आहे का तुझी?”

“नाही, घरमालकीण.”

“म्हणजे तेच,” तो म्हणाला आणि पुन्हा भांडं भरलं.

मी उतरले तेव्हा ग्रासिएला थांब्यावरच होती. नाइटगाऊनवर कोट, पायात घरातल्या सपाता. साडेसातपासून ती तिथे उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येक बसला हात करून, इंग्लिश मुलगी आहे का आत, म्हणून विचारत होती. तिने मला जवळ वगैरे घेतलं नाही. माझी बाही घट्ट धरली आणि घरापर्यंत सोडली नाही.

“सव्वाआठ! किती वाजले माहितेय का? तुमच्याकडे पोचलीस की कळव, असं म्हणत नाहीत का? आम्ही इथे कुत्र्याला फिरवायला नेलं तरी म्हणतो! माझी मुलगी चाळीस वर्षांची आहे, तीसुद्धा कळवते!”

“म्हणतात,” मी म्हटलं.

खोलीवर फोन चार्जिंगला लावला. आईचा एकच मेसेज होता, माझ्या पाच वाजताच्या मेसेजखाली. ‘बरं. जेव नीट. आता झोपते.’ तो वाचून मी रडले, बसमध्ये रडले नव्हते तेवढी.

दुसऱ्या दिवशी आईच्या ब्रेकमध्ये फोन करून तिला सगळं सांगितलं. पलीकडे ट्रॉल्यांचा खडखडाट चालू होता.

“झोप माझी आहे,” मग ती म्हणाली. “ती मोडायची की नाही ते मी ठरवीन. नाही पोचलीस तर ‘नाही पोचले’ लिही. पण खोटं पोचू नकोस.”

“हो.”

“आणि ती बाई एवढ्या थंडीत सपाता घालून उभी होती? डोक्याला काही बांधलं होतं का तिने?”

“नाही गं.”

“तिला माझा नमस्कार सांग. आणि सात म्हणजे सात.”

ट्यूटरला लिहिलेला तो ईमेल मी पाठवला नाही. धीर आला म्हणून नव्हे. त्या दिवशी सकाळी ग्रासिएलाने विचारलं होतं, “आज किती वाजता येणार?” आणि मी सात म्हटलं होतं. रोज तेच विचारायची, रोज मी सांगायची. सहा आठवड्यांची मुदत त्यातच निघून गेली.

भीती पुढेही राहिली, हे जे आत्ता बॅगा भरत आहेत त्यांच्यासाठी खरं ते लिहिते. मी ब्रेड मागायला शिकले, पाट्या वाचायला शिकले, माते पिते, तरी शेवटच्या महिन्यातसुद्धा बसमध्ये चढताना पाटी तीनदा वाचायची. आणि जे मागे राहिलेत त्यांना एवढंच सांगायचंय, तुमची झोप मोडू नये म्हणून आम्ही कदाचित तुम्हाला बरंच काही पाच वाजताच सांगून टाकतो. आम्हाला आमची झोपही तेवढीच प्यारी असते. एकदा नीट विचारून बघा.

जुलैत परत आले. हीथ्रोहून कोच लेस्टरला पोचला तेव्हा आई-बाबा तिथेच उभे होते. आईच्या अंगावर तोच निळा युनिफॉर्म, शिफ्ट संपवून सरळ आलेली. बाबांनी विचारलं, “पास ना?” मी हो म्हणत आईला मिठी मारली आणि इतक्यात खिशात फोन वाजला. वाजला म्हणजे थांबेचना, एकामागून एक.

“कोण गं एवढं?” आईने विचारलं.

“ग्रासिएला. कोच चाळीस मिनिटं उशिरा आला ना. ती विचारतेय पोचलीस का, पोचलीस का.”

आईने माझ्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली. “मग मला काय मिठ्या मारत बसलीस? आधी तिला कळव. बॅग मी धरते.”