दाऊदकाकांच्या नावाची चिठ्ठी

अतर्क्य, अमानवीय वगैरे म्हणतात तसल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. म्हणजे आम्ही ख्रिस्ती, उपासना चुकवत नाही, त्यामुळे पाण्यावरून चालणं वगैरे मला मान्य आहे... पण ते सगळं दोन हजार वर्षांपूर्वी, लांब तिकडे. नसरापूर-वेल्हे रस्त्यावर असलं काही होत नसतं, असं माझं ठाम मत होतं. आता ते जरा ढिलं झालंय, म्हणून लिहितोय.

नसरापुरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. वय एकावन्न, पोट पुढे, गळा बेसूर. आमची मंडळी, म्हणजे चर्च, अगदी छोटी, सोळा-सतरा माणसं. निवृत्त शिक्षिका रिबेकाबाईंच्या हॉलमध्ये दर रविवारी उपासना होते. तिथे एक पद्धत आहे. स्टीलच्या डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या असतात. निघताना प्रत्येकाने एक उचलायची, आठवडाभर त्या माणसासाठी प्रार्थना करायची आणि पुढच्या रविवारी चिठ्ठी परत डब्यात टाकायची. नाव कुणाला सांगायचं नाही. मी चिठ्ठी खिशात ठेवायचो आणि एकदम शनिवारी संध्याकाळी आठवायचो. मग 'प्रभू, खिशातल्या माणसाला आशीर्वाद दे' — झालं!

स्वतःसाठी मात्र रोज मागायचो. देवा, मलाही तुझं काहीतरी काम दे. कुणी गातं, कुणी वचन सांगतं. माझ्याकडे काय, तर सतरंज्या अंथरणं. आणि ते दाऊदकाकांमुळे.

दाऊदकाका विंझरचे, पंचाहत्तरीचे. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या गाण्यांची प्रॅक्टिस चालली होती आणि मी पेटी वाजवत होतो. काकांनी मध्येच हात वर केला. "विलाश्या, त्या पेटीनं तुझं काय घोडं मारलंय रं?" सगळे हसले. सगळ्यात जास्त हसली माझी बायको, मंगल. काकांचं खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. त्या दिवसापासून मी पेटीही सोडली आणि त्यांच्याशी बोलणंही टाकलं. पुढे काकू गेल्या, तेव्हाही मातीला गेलो आणि एक शब्द न बोलता परत आलो. काकू गेल्यावर काका काही रविवार आले, मग दिवाळीच्या आधी यायचे बंदच झाले.

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी मी चिठ्ठी उचलली : 'दाऊद काका'. म्हटलं, असू दे. पुढच्या रविवारी पुन्हा तीच. तिसऱ्या वेळी मुद्दाम डब्याच्या तळाशी हात घातला... दाऊद काका. चौथ्या रविवारी आधी सगळ्यांना उचलू दिलं आणि शेवटी उरलेली घेतली. उघडून बघायचीही गरज नव्हती, तरी बघितली.

मंगळवारी सकाळी शर्ट धुवायला टाकताना ती मंगलच्या हाती लागली.

"ही चौथ्यांदा आली," मी कबूल केलं.

"मग जा की एकदाचे. देवानं अजून किती वेळा सांगायचं? तो काय तुमचं गिऱ्हाईक आहे, उद्या या म्हणायला?"

गेलो. विंझरला एकाची दुरुस्त केलेली मोटारही पोचवायची होती, हे कारण बरं होतं. अकराच्या सुमारास काकांच्या दारात पोचलो. घर वस्तीपासून जरा बाजूला आहे. दाराला बाहेरून कडी. खरं सांगतो, मला इतका आनंद झाला! आलो होतो, ते नव्हते, विषय संपला. गाडीला किक मारली. पण बावीस वर्षांच्या संसारात एक कळलंय... मंगलचा पहिला प्रश्न असणार, "मागच्या बाजूला बघितलं का?" मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही, पकडला जातो. म्हणून मागे गेलो.

पाण्याची टाकी आणि सरपणाचा ढीग यांच्या मधल्या बोळात काका पडले होते. पहाटे पाणी आणायला आले, शेवाळावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलेलं. मोबाईल घरात. हाका मारून मारून आवाज बसलेला, ओठ पांढरे पडलेले. मी टाकीतलं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे नीट बघितलं.

"देवाला म्हनलो व्हतो, कुनाला बी पाठीव..." ते पुटपुटले. "तर तुला पाठीवलं व्हय?"

मी धावत रस्त्यावर गेलो, एक टेम्पो थांबवला. टेम्पोवाला, त्याचा जोडीदार आणि मी, तिघांनी मिळून एका फळीवर घालून त्यांना उचललं. हॉस्पिटलच्या वाटेत काकांनी माझा हात धरला. "प्रार्थना कर." मी चारचौघांत कधी प्रार्थना केलेली नाही. "प्रभू... काकांचा पाय... म्हणजे सगळेच काका..." पुढे सुचेना. नुसता रडायला लागलो. काका म्हणाले, "आमेन म्हन. बास झालं. पोचली."

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तसेच राहिले असते तर अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी रिबेकाबाई हॉस्पिटलात आल्या. मी त्यांना चिठ्ठीची गोष्ट सांगितली, तर त्या म्हणाल्या, "विलास, दाऊदभाऊंची चिठ्ठी डब्यात नाहीच. दिवाळीत त्यांचा फोन आला होता — न येणाऱ्याचं नाव कशाला ठेवता, काढा. माझ्या हातानं फाडली मी." मी खिशातून काढून दाखवली. त्यांनी चष्मा लावला, पुसला, परत लावला. "अक्षर माझंच आहे," एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी काकांनी घरून त्यांचं बायबल आणायला लावलं. आणून दिलं, तर त्यातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. 'विलास.'

"ही परत करायची ऱ्हायली," काका म्हणाले. "शेवटच्या रविवारी तूच आला व्हतास हातात. मंग येनं बंद केलं, चिठ्ठी हितंच. परत दिल्याबिगर सुटका न्हाई, म्हनून रोज प्रार्थना करत बसलो... देवा, या विलाश्याला काय तरी काम दे. पेटी सोडून."

मी खिशातली चिठ्ठी काढली आणि दोन्ही एकत्र घडी घालून ठेवल्या.

त्या दोन्ही चिठ्ठ्या आता माझ्या बायबलमध्ये आहेत. फाडलेली चिठ्ठी डब्यात कशी आली, चारही वेळा माझ्याच हाती कशी लागली, मला माहीत नाही. बाईंनी चुकून दोनदा लिहिली असेल, असं मीही म्हणून बघितलं. बाई म्हणतात, नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर सांगा. मी शोधायचं सोडलंय, नुसते आभार मानतो.

दर रविवारी सकाळी मी विंझरला जाऊन काकांना घेऊन येतो, खुर्चीत बसवतो, मग सतरंज्या अंथरतो. पेटीला ते अजूनही हात लावू देत नाहीत. आणि चिठ्ठी मी आता दारातच उघडतो, चपला घालायच्या आधी.