चिठ्ठी जपून ठेवली आहे

संगणकाला माणसात आणणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझ्याच कॉलेजात, माझ्याच विभागात, माझ्याच हाताखाली लागला, याला मी माझं दुर्दैव समजत आलो आहे. दुसऱ्या एखाद्या गावात, दुसऱ्या कुणाच्या हाताखाली तो असता तर मी त्याचं तोंड भरून कौतुक केलं असतं. लांबच्या माणसाचं कौतुक करण्यात मी कधी कमी पडलेलो नाही. पण रोज सकाळी साडेदहाला आपल्याच लॅबचं कुलूप उघडून ‘नमस्कार सर’ म्हणणाऱ्या माणसाचं कौतुक करायला जे मोठं मन लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे एम.टेक. होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. चंद्रपूरजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वीस संगणक, एक सर्व्हर, एक मोडेम आणि टेलिफोनची एक लाइन एवढ्या तयारीवर इंटरनेट आलं. आलं म्हणजे दिवसातून तीनदा नागपूरला फोन लावायचा, लागला तर लागला. पत्र पाठवायला एक आज्ञा, फाइल आणायला दुसरी, बाहेरच्या ग्रंथालयाची सूची पाहायला तिसरी. प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा आणि प्रत्येकीतून बाहेर पडायची रीतही वेगळी. आत शिरलेल्या काही प्राध्यापकांना बाहेर पडता येत नसे, मग ते सरळ मशीनचं बटण बंद करून घरी जात. या सगळ्यांवर मिळून एकच सोपा प्रोग्रॅम पाहिजे, ही कल्पना पहिल्यांदा मला सुचली. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. दोन वर्षं खपून मी तो प्रोग्रॅम केला. त्यात अठरा आज्ञा होत्या आणि सोबत रेक्झिनच्या बांधणीची एकशे बारा पानांची पुस्तिका होती. वापरणारे दोघे होते: मी आणि ज्याचे अंतर्गत गुण माझ्या हातात होते असा एक विद्यार्थी. गुण मिळाल्यावर मी एकटा उरलो.

आणि मग लॅबवाल्या भाऊंनी त्यांचा केला. सगळं कॉलेज त्यांना ‘लॅबवाले भाऊ’ म्हणायचं. वडिलांचं गावात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, घराण्यात तीन पिढ्या डोळ्याला भिंग लावून बसण्याची सवय. हे बी.एस्सी. करून आमच्याकडे प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले, तेही कच्चे. दर अकरा महिन्यांनी नेमणूक नव्याने करून घ्यायची. आमच्या मशीनवर मराठी अक्षर दिसत नसे, म्हणून या गृहस्थांनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने एकेक चौकोन भरत अख्खी बाराखडी काढली आणि ठिपक्या ठिपक्यांनी पडद्यावर उतरवली. त्यांचा ‘ळ’ जरा तिरपा होता. तो मी त्यांच्या नजरेला आणून दिला. त्यांनी आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी सरळ केला. अशा माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

त्यांची काम करण्याची पद्धत म्हणजे लोकांच्या मागे स्टूल टाकून बसणं. कुणी प्रोग्रॅम उघडला की भाऊ गुपचूप मागे जाऊन बसायचे आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर टिपत राहायचे: कुठे थांबला, कुठे डोकं खाजवलं, काय पुटपुटला. सांगायचे मात्र एक अक्षर नाही. समोरचा कंटाळून उठला की भाऊ त्याच्याच खुर्चीत बसून प्रोग्रॅम बदलायचे. मी एकदा म्हटलं, “भाऊ, प्रोग्रॅम कशाला बदलता? त्या माणसाला समजावून सांगा ना.” तर म्हणाले, “सर, किती जणाइले सांगू? माणसं दोनशे हायेत, प्रोग्रॅम एकच हाये. ज्याची गिनती कमी, त्याले सुधरवाचं.” यावर उत्तर म्हणून मी पुस्तिकेतलं प्रकरण सहावं दाखवलं. त्यांनी ते भक्तिभावाने वाचलं, आणि मग उरलेली पुस्तिकाही. पुस्तिका पूर्ण वाचलेला जगातला तो एकमेव माणूस आहे, हेही मला सहन होत नसे.

त्यांची अंतिम परीक्षक होती मेसमधली बाई. कोरपन्याकडच्या खेड्यातली, चौथी शिकलेली, हाताला पिठाचा वास. तिचा मुलगा गुजरातेत कुठल्याशा कारखान्याच्या ऑफिसात होता. बाईने एकटीने, कुणाला न विचारता त्याला पत्र धाडलं तर प्रोग्रॅम तयार, नाहीतर नाही, असा भाऊंचा दंडक. बाईला टाइप करता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तयार वाक्यांची एक यादीच ठेवली: ‘मी बरी आहे’, ‘तू कसा आहेस’, ‘पाऊस आला’, ‘जेवण झालं का’, ‘दिवाळीला घरी ये’. वाक्याच्या आकड्याच्या कळीवर बोट ठेवायचं आणि चिठ्ठी टाकायची. पहिल्या दिवशी बाईने पाचही वाक्यं एकापाठोपाठ एक धाडली आणि पडद्याकडे पाहत बसली. “आता?” भाऊ म्हणाले, “आता वाट पाहाची, बाई.” ती म्हणाली, “ते मले येते.”

आमचे विभागप्रमुख एरवी पत्राची सुरुवातच ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी करणारे. विद्यापीठातल्या एका बड्या अधिकाऱ्याला आठ महिने अडकलेल्या मान्यतेबद्दल लिहायला बसले आणि भलत्या कळीवर बोट पडून त्यांच्या नावाने गेलं, ‘जेवण झालं का’. आमचे साहेब लाजेने दोन दिवस रजेवर गेले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘झालं. तुमचं?’ त्यानंतर दोघांत असा काही जिव्हाळा जडला की मान्यता आठवड्यात मिळाली. पुढे साहेब प्रत्येक सरकारी पत्राआधी तेच वाक्य मुद्दाम धाडू लागले. मला अजून वाटतं की हा योगायोग होता. पण माझ्या अठरा आज्ञांमुळे कुणाचं काही अडकलेलं सुटल्याची नोंद नाही, हेही खरं.

भाऊंच्या प्रोग्रॅममध्ये चूक नेहमी मशीनची असे. माझ्या प्रोग्रॅममध्ये काही बिघडलं की पडद्यावर, अक्षरं भाऊंचीच उसनी घेऊन, यायचं, ‘त्रुटी क्रमांक ४१: अवैध प्राचल’. शुद्ध, नेमकं आणि पारिभाषिक. भाऊंच्या पडद्यावर यायचं, ‘माझ्याकडून झालं नाही. पुन्हा एकदा सांगता का?’ थोराड प्राध्यापक त्यावर मान डोलावून ‘असू दे, असू दे’ म्हणताना मी ऐकले आहेत. आणि लाइन नसली की पत्रं सर्व्हरवर थांबून राहतात, फोन लागला की जातात, ही गोष्ट मी अकरा आकृत्या काढून दोन वर्षं समजावत होतो. भाऊंनी एकच पाटी लावली: ‘रस्ता बंद आहे. चिठ्ठी जपून ठेवली आहे.’ ग्रंथालयात भामरागडकडचा एक शिपाई होता. त्याने ती वाचली आणि खुर्चीवरून उठला. “पूर उतरला का जाईल,” म्हणाला आणि कामाला निघून गेला. पावसाळ्यात महिना-महिना रस्ता तुटलेला पाहिलेल्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या अकरा आकृत्या मी त्या संध्याकाळी फडताळात ठेवल्या.

कॉलेजातल्या मुली भाऊंसाठी घरून सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीरवडी, आणत. मला ‘गुड मॉर्निंग सर’ मिळे. हे सगळं मी गिळलं असतं. पण एका रविवारी माझी बायको लॅबमध्ये आली, माझ्या देखत तिने भाऊंचा प्रोग्रॅम उघडला, नाशिकच्या बहिणीला पत्र टाकलं आणि घरी जाताना म्हणाली, “त्या भाऊंचं किती सोपं आहे हो. तुमचं ते दुसरं काय होतं?” मी म्हटलं, “ते संशोधन होतं.” “असेल,” ती म्हणाली.

त्याच महिन्यात प्राचार्यांनी मला बोलावलं. संस्थेने भाऊंना कायम करायचं मनावर घेतलं होतं. त्यांचा प्रोग्रॅम सगळ्या कॉलेजात लावायचा, रिबन कापायची, फोटो काढायचे, असं ठरत होतं. फक्त तज्ज्ञाचा अहवाल पाहिजे होता, आणि कॉलेजात तज्ज्ञ एकच होता. प्राचार्य संस्थेच्या बैठकीसाठी नागपूरला चालले होते. बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी. “दुपारपर्यंत ई-मेलनेच पाठवा,” ते म्हणाले, “तेवढंच आधुनिक दिसतं.”

मी चार तास बसून अहवाल लिहिला. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती, हे त्याचं वैशिष्ट्य. प्रोग्रॅमला पुस्तिका नाही. आतल्या सगळ्या चलांना, म्हणजे व्हेरिएबल्सना, मामा, काकी, आत्या अशी नातेवाइकांची नावं दिली आहेत. पासवर्ड नीट झाकलेले नाहीत. उद्या कर्ता निघून गेला तर हे कुणाला कळणार नाही. शेवटी शिफारस: सदर काम अर्हताप्राप्त व्यक्तीच्या ताब्यात द्यावे, आणि सदर सहायकाची नेमणूक पुढे चालू ठेवण्याचे तांत्रिक कारण दिसत नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं. मग अहवाल वजनदार दिसावा म्हणून त्यात आकृत्या घातल्या आणि तो माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅममधून पाठवायला घेतला. त्रुटी क्रमांक ४१. तीनदा केलं, तीनदा ४१. इलाज नव्हता. इकडेतिकडे पाहिलं, भाऊंचा प्रोग्रॅम उघडला, चिठ्ठी टाकली आणि खोलीत येऊन बसलो.

तासाभराने भाऊ दारात. कपाळावर घाम, हातात फोनची वायर.

“सर, तुमची चिठ्ठी जाऊन नाई राह्यली. लय मोठी हाये. आकृत्याइनं लाइन तुटते. तीनदा तुटली.”

“मग राहू द्या,” मी म्हणालो. मनात आलं, सुटलो.

“राहू काऊन द्याची? अर्जंट असं लिवलं हाये तुमी. मी चार तुकडे केले तिचे. तीन गेले.” हातातली वायर गुंडाळत म्हणाले, “तुकडे बरोबर जुळते का नाई, ते पाहासाठी उघडा लागते, सर. पाहू नये, पण पाहा लागलं.”

खोलीत पंखा चालू होता. मी टेबलावरची टाचणी सरळ करत होतो.

“पासवर्डाचं तुमी बरोबर लिवलं,” भाऊ म्हणाले. “तो माह्या ध्यानातच नाई आला. ते मी आजच सुधरवतो.” मग म्हणाले, “चौथा तुकडा राह्यला, जी. शिफारशीवाला. धाडू का?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हे शपथेवर सांगतो. शोधूनही सापडला नाही. लाइन मोठ्या मुश्किलीने लागली होती, ती तुटायच्या आत त्यांना हो की नाही ते पाहिजे होतं. त्या क्षणी मला बायको आठवली, सांबारवडी आठवली, रेक्झिनची बांधणी आठवली.

“धाडा,” मी म्हणालो.

ते गेले. दहा मिनिटांनी पुन्हा आले आणि पोचल्याचं सांगून गेले.

भाऊंची अकरा महिन्यांची मुदत संपली आणि नव्याने नेमणूक झाली नाही. प्रोग्रॅम माझ्या ताब्यात आला. रिबन मी कापली, फोटोही आहे. पुढचे काही महिने लोक माझ्याकडे तक्रारी घेऊन येत आणि मी त्यांना समजावून सांगत असे. हळूहळू ते येईनासे झाले. मेसमधल्या बाईने एकदा दारातून डोकावून विचारलं, “भाऊ कुठी गेले, सर?” मी म्हटलं, “गेले.” तिने आत काही न बघता दार लोटून घेतलं. दोन-तीन वर्षांत सगळीकडे वेबवरची मेल आली, मशीनं बदलली, आणि मामा, काकी, आत्या सगळे एका जुन्या डिस्कसकट भंगारात गेले. ती डिस्क मी का ठेवली नाही, याचं तांत्रिक कारण मला अजून दिसलेलं नाही.

पुढे परीक्षेच्या कामाने अहेरीला जाणं झालं. बाजाराच्या रस्त्यावर एक लहानसं इंटरनेटचं दुकान होतं. आत आलापल्लीच्या जंगलखात्यातला एक गार्ड मशीनपुढे बसला होता आणि त्याच्या मागे, केस पिकलेले, भाऊ. सासरवाडीच्या गावात येऊन राहिले होते. मला पाहून धावत बाहेर आले, खुर्ची पुसली, “अजी सर, तुमी! आधी बसा, मग बोला.” चहा झाला. माझ्या मुलांची चौकशी झाली. बायकोची बहीण कशी आहे हेसुद्धा त्यांनी विचारलं. बसची वेळ झाली तशी मी कसाबसा विषय काढला. म्हटलं, “भाऊ, तो अहवाल...”

“सोडा ना जी,” त्यांनी माझी पिशवी उचलली. “तुमच्या जागी मी असतो तर मी भी तेच लिवलं असतं.”

मला केवढं बरं वाटलं! इतकी वर्षं मी हेच वाक्य स्वतःला सांगत आलो होतो, पण दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकत होतो. लोभ सुटला नाही. स्टँडवर पोचता पोचता पुन्हा विचारलं, “खरंच लिहिलं असतं, भाऊ?”

भाऊ उभे राहिले. प्रश्न कुणीही विचारला तरी त्याचं नीट उत्तर द्यायचं, ही त्यांची खोड. थोडा वेळ विचार केला आणि मग मनापासून हसले.

“नाई,” म्हणाले.

बस आली. त्यांनी मला खिडकीजवळची जागा धरून दिली, पिशवी आत दिली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभे राहिले. आलापल्लीच्या जंगलातून गाडी जात होती आणि मी पाहत बसलो होतो. किती लहान शब्द, आणि किती सहज म्हणतात काही लोक. त्या दुपारी ते दारात उभे राहून ‘धाडू का’ विचारत होते, तेव्हा मलाही तेवढंच म्हणायचं होतं.