तूस खाली, पाणी वरून

कोंबड्या पाळणाऱ्या सगळ्यांनो, अंगावरचा चिखल आत्ताच धुतलाय आणि लगेच लिहायला बसलेय.

आमच्या पिंपळनेरला आठवडाभर पाऊस हटलेला नाही. खुराड्यापुढे जाळी लावलेल्या जागेत घोटाभर चिखल. मी रोज सकाळी त्यावर पोतंभर भाताचं तूस टाकत होते. दुपारपर्यंत त्याची नुसती लापशी!

आज सकाळी काळी कोंबडी लंगडताना दिसली. पायाला लिंबाएवढा चिखलाचा गोळा घट्ट बसलेला. कोमट पाण्यात भिजवून सोडवला, तर खालची कातडी लालभडक. माझं डोकंच फिरलं. आणखी तूस आणायला निघाले, तर ओट्यावरून आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "पाणी वरथून पडी ऱ्हायनं, आनि तू खाले काय देखी ऱ्हायनी?"

राग आला. पण मान वर केली, तर खुराड्याच्या पत्र्याची सगळी पागोळी थेट जाळीच्या आत!

मग हट्टालाच पेटले. विहिरीवरचा जुना पाइप करवतीने उभा चिरला, पत्र्याच्या कडेखाली तारेने बांधला, तोंड जाळीबाहेरच्या शेवग्याकडे वळवलं. आतला चिखल उपसून मुरूम पसरला. आबा शिडी धरून उभे होते.

दुपारी जोराची सर आली. तळं साचलं ते शेवग्याखाली. सर ओसरल्यावर काळी बाहेर आली, लंगडतच, पण मुरूम उकरायला लागली.

उद्या कडेने चर खणणार. चिखलाला आता परत आत येऊ देत नाही.

तुमच्या खुराड्याच्या छपराचं पाणी कुठे पडतं? बाहेर जाऊन बघा, मगच सांगा. मलाही वाटत होतं, मला माहीत आहे.