दाजी आणि शेपटीचे आकडे

आमच्या दाजींचं समाधान होईल असं एकही वाक्य मराठी भाषेत आजवर कोणी बोललेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला लातूरला, पण बहुतेक रविवारी नांदेडला आमच्या घरी हजर. माणूस सोन्यासारखा आहे, असं ताईसुद्धा म्हणते, अर्थात तिचं डोकं शांत असेल तेव्हा. दुखणं एवढंच की ते घरी बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तपासतात. तिकडं प्रत्येक उपचाराला एक ठरलेला आकडा असतो. तो लिहिणं दाजींच्या मते अगदीच पोरखेळ. खरी विद्या त्या आकड्यामागं लावायच्या छोट्याशा शेपटीत. तिला मॉडिफायर म्हणतात. "आकडा सांगतो काय केलं, शेपटी सांगते कसं केलं. डावं का उजवं, पुरं का अर्धं, पहिल्यांदा का पुन्हा. शेपटी चुकली की बिल माघारी!" हे त्यांनी दूधवाल्याला सांगितलंय, मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगितलंय, आणि लोह्याच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका म्हातारीलाही सांगितलंय. म्हातारी पुढच्याच थांब्यावर उतरली. तिला तिथं उतरायचं होतं असं मला तरी वाटलं नाही.

बिलांत हे ठीक आहे हो. पण दाजी घरातल्या बोलण्यालाही शेपट्या लावतात. आमची आई एकदा सहज म्हणाली, "गुडघा लई दुखून राहिलाय बाई." दाजींनी पेपर खाली ठेवला. "डावा का उजवा?" आई म्हणाली, "दोन्ही की." "मग पन्नास." आईला वाटलं, पन्नास गोळ्या घ्यायला सांगतायत. ती जी घाबरली ती दोन दिवस गुडघ्याचं नावच काढेना. दाजींचं म्हणणं, दोन्ही बाजूंना एकच काम असलं की पन्नासची शेपटी लागते, यात घाबरण्यासारखं काय आहे? दुसऱ्या एका सकाळी पहिला चहा मी केला आणि तासाभरानं दुसरा माझ्या बायकोनं केला. वेलदोडा वगैरे घालून ती कौतुकाची वाट बघत उभी. दाजींनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "काम तेच, पण करणारं माणूस दुसरं. सत्याहत्तर." बायकोनं त्यानंतर त्यांना चहा दिला तो माझ्या हातून.

पण बिलोलीच्या प्रसंगाला तर तोडच नाही. तिथं आमच्या लांबच्या नात्यात एक म्हातारे वारले होते. भेटायला मी आणि दाजी निघालो. त्याच गावात दाजींना त्यांच्या भावासाठी एक म्हैस बघायची होती. आधी म्हैस बघितली, मग त्या घरी गेलो. बाया रडत होत्या, पुरुष खाली मान घालून बसले होते. थोरल्या मुलानं डोळे पुसत विचारलं, "लई लांबून आलात, आमच्यासाठीच आलात ना?" दाजी खरं बोलणार हे मला कळलं होतं. "असं बघा," दाजी म्हणाले, "आम्ही म्हैस बघायला आलो ते येगळं, आन तुमच्याकडं आलो ते येगळं. दिवस एकच हाय, पण कामं दोन. एकात एक धरू नका. तुमच्या दुःखाला म्हशीची जोड नको." त्या मुलाचं रडू जागच्या जागी थांबलं. मी दाजींना हाताला धरून बाहेर काढलं. परतीच्या वाटेवर दाजी मला एकाच दिवसातल्या वेगळ्या कामांना लावायच्या दोन शेपट्या, पंचवीस आणि एकोणसाठ, यांतला फरक समजावत राहिले.

त्यामुळे आमच्या धाकट्या बहिणीला, सुजाताला, बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर पहिली तयारी दाजींची करावी लागली. सुजाताचं आधी एक लग्न झालं होतं. नवरा हात उचलायचा. आठ महिने तिनं कोणाला कळू दिलं नाही आणि मग एका दुपारी एक पिशवी घेऊन ती घरी आली. गल्ली, नातेवाईक, सगळे म्हणायला लागले, हिचं मोडलं. आम्हीही तेच म्हणायचो, फक्त हळू आवाजात. सुजाता तर बोलायचीच बंद झाली होती. मोठ्या मुश्किलीनं उदगीरकडचं एक स्थळ जुळत आलं होतं. ताईनं दाजींना बजावलं, "बसायचं, भजी खायची, आन तोंड उघडायचं ते भज्यापुरतं." दाजींनी तसं कबूल केलं.

त्यांनी शब्द पाळलासुद्धा, जवळजवळ तासभर. मुलगा शांत वाटला. बोलणं सगळं त्याचे काका करत होते. शेवटी काका सुपारी चघळत म्हणाले, "मुलगी ठीक हाय. पण पहिलं मोडलंय. आता टाळी काय एका हातानं वाजत न्हाई. हिचं बी काही आसंलच."

सुजाताची नजर फरशीवर. मी शाळेत मराठी शिकवतो, पण मला एक शब्द सापडेना. आणि दाजींनी भज्यांची ताटली खाली ठेवली.

"काका, मोडलं न्हाई. थांबवलं."

"तेच की ते."

"तेच न्हाई!" दाजी उभेच राहिले. "ऑपरेशन सुरू केलं, आन मधीच दिसलं की पेशंटच्या जिवाला धोका हाय, तर डॉक्टर हात थांबवतो. त्याला काम बिघडवलं म्हणत न्हाईत. त्याला येगळी शेपटी हाय, त्रेपन्न. ती न लावता लिहिलं तर ते खोटं लिहिलं. तुम्ही आमच्या पोरीचं खोटं लिहून राहिलात. मी ते पास करणार न्हाई."

काका उठले. मुलगाही उठला, दारात घुटमळला, पण काकांच्या मागं गेला. जिन्यावरून चपलांचा आवाज खाली गेला आणि ताई दाजींवर अशी तुटून पडली की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. "एवढ्या मुश्किलीनं आलेलं स्थळ! तुमच्या त्या शेपट्या घाला चुलीत!" मीही बोललो, बरंच बोललो. दाजी भिंतीकडं बघत होते.

"दाजी," सुजाता म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज असा मोकळा ऐकला. "थांबवलं ते कोण्या डॉक्टरनं न्हाई. मी थांबवलं. मीच उठून आले."

दाजी विचारात पडले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी आपल्या सगळ्या शेपट्या मनातल्या मनात धुंडाळल्या असाव्यात. मग ओशाळून म्हणाले, "पेशंट सोताच टेबलावरून उठून चालू लागला, तर त्याला... त्याला त्रेपन्न लागत न्हाई गं. त्याला काय लावायचं, मला ठावं न्हाई."

सुजाता हसली. आई रडायला लागली. ताईचं ओरडणं मधेच कुठंतरी विरून गेलं.

पुढं सुजातानं लातूरला मुलींच्या वसतिगृहात नोकरी धरली. तिथल्याच कॉलेजात ग्रंथालय सांभाळणारा एक जण तिनं स्वतः पसंत केला. परवाच बुद्धविहारात साधेपणानं लग्न झालं. वंदना झाली, हार झाले, आणि सुजातानं हट्टानं माइक दाजींच्या हातात दिला. ताईनं माझा दंड घट्ट धरला. नवरदेवाकडची मंडळी कौतुकानं बघत होती, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! दाजींनी माइक तोंडाशी नेला. "आमची सुजाता..." म्हणाले, आणि थांबले. ओठ हलले, आवाज फुटेना. चष्मा काढून ते नुसते उभे राहिले. सगळं सभागृह त्यांच्याकडं बघत होतं, आणि मी, इतकी वर्षं त्यांच्या बोलण्याला कंटाळलेला माणूस, मनातल्या मनात म्हणत होतो, बोला हो दाजी, काहीतरी बोला.