भूमितीच्या पुस्तकावरची नटी

आमच्या ह्यांच्या दहावीच्या भूमितीच्या पुस्तकाला रशियन मासिकाच्या गुळगुळीत कागदाचं कव्हर आहे आणि त्यावर एक नटी हसते आहे. भूमिती हे कधीच विसरले, पुस्तक मात्र कपाटात जपलंय. मत्सराला एरवी शेजारीण पुरते. माझा लग्नापासून थेट मॉस्कोला जाऊन बसलाय. कागदावरच्या बाईला कांदे चिरावे लागत नाहीत, तिचं वयही वाढत नाही.

परवा चित्राखालच्या नावावरून लेकीने तिला मोबाइलवर शोधून काढलं. गिरणीतल्या कामगाराची मुलगी, मग सिनेमे, मोठं नाव, आणि आता नाटकांत आजीबाईंची कामं. ताज्या फोटोत डोकं कापसासारखं पांढरं. मला फार बरं वाटलं. मेंदी थापलेल्या डोक्यानेच मी फोन ह्यांच्यापुढे धरला.

“बघा तुमची भूमिती.”

ह्यांनी चष्मा पुसून सावकाश पाहिलं. “पांढरे केस काय शोभतात हिला.”

“आणि मला?”

“तुझे कुठे पाहिलेत मी? धुऊन ये, बघून सांगतो.”

मेंदी रंगायला अजून तासभर हवा होता. मी तशीच उठले आणि नळाखाली डोकं धरलं.