पिल्लाला विंचरताना

मुलानं पिल्लू आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा घेता घेता बेत सांगितला. पुण्यात तो आणि सून दिवसभर ऑफिसात, नात शाळेत. एवढ्याशा जिवाकडं बघणार कोण? तेव्हा थोडे महिने ते माझ्याकडं पुंडलिकनगरला राहील, मी त्याला वळण लावायचं, आणि शहाणं झालं की ते घेऊन जातील. "तुलाही तेवढीच सोबत, आई," असंही तो म्हणाला. सोबत उसनी मिळते हे मला तेव्हा कळलं.

मला कुत्र्यांचं वेड कधीच नव्हतं. आमच्याकडं कुत्र्याची जागा फाटकाबाहेर. पण आमचे हे गेल्यापासून घरात मी एकटीच होते. सकाळी दूधवाल्याला "उद्या अर्धाच लिटर" म्हटलं की दिवसभराचं बोलणं संपायचं. संध्याकाळी कुणाचा फोन आलाच तर आधी घसा खाकरून आवाज शोधावा लागायचा.

नातीनं त्याचं नाव कुठल्याशा कार्टूनमधून उचललं होतं. ते माझ्या जिभेला वळेना, म्हणून मी नुसतं 'पिल्ल्या' म्हणायचे. मुलगा शिकवण्याचे व्हिडिओ पाठवायचा. त्यात एक गोरा माणूस 'सिट' म्हणायचा आणि कुत्रा बसायचा. मी म्हटलं, इथं राहायचं तर 'बस' समजलं पाहिजे. भाकरीचा तुकडा नाकासमोर धरून हळूच डोक्यावरून मागं न्यायचा. बघता बघता त्याचं बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं रे टेकलं की 'बस' म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. चारच दिवसांत गडी तयार झाला.

तयार झाला तो जरा जास्तच. शेजारी भाड्यानं राहणारी बाई दुपारी डोकवायची. तिचं माहेर मेंढपाळांचं, कुत्र्यांत वाढलेली. मी तिला म्हणायचे, "ये, बस," की तिच्याआधी पिल्लू बसायचं. मी कपात चहा ओतताना ती म्हणायची, "बस बस काकू, लई झाला," की नुकतंच उठलेलं ते बिचारं पुन्हा खाली. ती हसून हसून लोळायची. "आमच्याकडं कुत्र्याला कुणी शिकवत नाय. मेंढरामागं सोडलं की शिकतंय आपलं आपण. तुमचं तर पाव्हण्याच्या आधी बसतंय!"

खरी लढाई विंचरण्याची. जात केसाळ, वरचेवर विंचरलं नाही तर पोटाखाली गुंता. औरंगपुऱ्याच्या बाजारातून मऊ दातांचा ब्रश आणला, तर यानं तोच चावून काढला. छावणी भागातल्या जनावरांच्या डॉक्टर म्हणाल्या, घाई नको. आधी नुसता हात लावा, कान, पंजे, शेपटी, आणि दरवेळी खाऊ द्या. मग ब्रश हुंगू द्या. मग दोनच फटकारे मारून थांबा. ते कंटाळायच्या आत तुम्ही थांबायचं.

डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं ते मला अपघातानं सापडलं. मी बोलत राहिले की ते स्वस्थ पडायचं. गप्प झाले की ब्रशकडं तोंड. मग काय, बोलायचं! नळाला आजही पाणी नाही, मेथी कशी कडू निघाली, गुडघा कुठं दुखतो, यांना वरण कसं लागायचं. कितीतरी वर्षांत कुणी मला इतकं बोलू दिलं नव्हतं. ते डोळे मिटून एक पाय वर करायचं, आता इकडून, म्हणून.

एक दिवस शेजारीण दारातून म्हणाली, "काकू, तुम्ही याच्याशी बोलत होता व्हय? मला वाटलं, पुण्याचे पाव्हणे आले."

पिल्लू एकेक शिकत गेलं तसा माझा जीव खाली-वर व्हायला लागला. 'ये' आलं, 'सोड' आलं. 'थांब' तेवढं राहिलं होतं, आणि मला ते शिकवायचंच नव्हतं. मुलगा फोनवर विचारायचा, "थांब येतं का गं?" मी म्हणायचे, "येईल हळूहळू." पण मला अर्धवट काम जमत नाही, हा माझा जुना रोग. शेवटी तेही आलं.

सुट्टीत तिघं आले. पिल्लानं सगळं करून दाखवलं, नातीनं टाळ्या वाजवल्या. मला अभिमान वाटत होता आणि रडूही येत होतं. निघताना मात्र ते गाडीत चढेना. मुलानं ओढलं, सुनेनं बिस्कीट दाखवलं, ते माझ्या पायांमागं. मग मीच गाडीत हात घालून सीटवर थोपटलं आणि म्हटलं, "ये." आलं. "बस." बसलं. "थांब." माझ्याकडं बघत ते थांबलं, आणि मुलानं दार लावून घेतलं.

आठवड्याभरात मुलाचा फोन. "आई, हे विंचरू देत नाही. तू काय करायचीस?"

"काही नाही. बोलायचे."

"काय बोलायचीस?"

हे काय सांगणार! म्हटलं, फोन त्याच्यापाशी ठेव. तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन येतो. तिकडं सून ब्रश घेऊन बसते, इकडं मी पाणी, मेथी, गुडघा सगळं सांगते. मुलानं आठवड्यातून एकदा फोन करावा असं मला किती वर्षं वाटत होतं. आता तो करतो, कुत्र्यासाठी का होईना.

विंचरून झालं की "झालं, आई!" असं कुणीतरी म्हणतं आणि जो तो कामाला लागतो. फोन बंद करायचं बहुतेक वेळा राहूनच जातं. मग मला त्यांचं घर ऐकू येतं. कुकरची शिट्टी. नातीची भुणभुण. ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला म्हणून सुनेचा आरडाओरडा. मी इकडं भाजी निवडायची थांबते, श्वाससुद्धा हळू घेते.

परवा मुलाचा आवाज आला, "अगं, हे अजून फोनपाशीच का बसलंय?" आणि त्याची पावलं जवळ यायला लागली. मी चटकन फोन कापला. मी ऐकत बसते हे कळलं तर त्याला फार वाईट वाटेल, आणि मग तो दर रविवारी आठवणीनं फोन बंद करेल.